मार लागला नाही तरी अंग निळं का पडतंय?

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण धाकटीला विचारल्याशिवाय लिहायचं नव्हतं. परवा तीच म्हणाली, "लिही की अक्का, कुणाला तरी उपयोग होईल, फक्त माझं नाव नको घालूस." म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, बेळगावजवळच्या एका मराठी शाळेत शिकवते, पण गेल्या चार महिन्यांत बहिणीबरोबर इतक्या वेळा दवाखान्यात बसलेय आणि डॉक्टरांना इतकं खोदून खोदून विचारलंय की यातलं जे मला नीट समजलं तेवढंच लिहितेय.

उन्हाळ्यात आमच्या माहेरच्या गावात महालक्ष्मीची यात्रा होती. आमच्या भागातल्या लोकांना यात्रा म्हणजे काय ते सांगायला नको, कित्येक वर्षांनी एकदा येते, सगळ्या लेकी माहेरी, घरांना रंग, दारात मांडव आणि एकेका घरात शंभर-दीडशे पावण्यांचं जेवण. यात्रेच्या तीन-चार दिवस आधी कासारीण घरी आली, सोप्यात बसून आम्हा सगळ्यांना काकणं भरली. धाकटीचा हात तिनं हातात घेतला, मूठ दाबली, अंगठ्याच्या बुडाशी दोनदा चोळलं आणि हिरवी काकणं एकेक करून आत सारली. नेहमीसारखंच. पण संध्याकाळी भाकऱ्या थापायला बसलो तर तिच्या हाताकडं माझं लक्ष गेलं. कासारणीचा अंगठा जिथं टेकला होता तिथं जांभळा डाग, आणि काकणांच्या खाली मनगटाभोवती बारीक बारीक लाल ठिपके, खसखशीएवढे, कुणी लाल पेनानं टिंबं दिल्यासारखे ओळीनं उठलेले. मी म्हटलं, "काय गे हे?" तर म्हणाली, "उष्णता झालीय ग, पंधरा-वीस दिवस असंच होतंय."

मग मी तिची बाही वर सारली. दंडावर निळे डाग, एक काळपट, एक हिरवट, एक पिवळा पडत आलेला. पोटरीवर तसेच. आणि इथं मी चूक केली, ती आधी लिहून टाकते, कारण हे सगळं लिहिण्याचं मूळ कारण तेच आहे. मला वाटलं तिला नवरा मारतोय. डाग वेगवेगळ्या रंगांचे, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी मारलंय, असा हिशोब मी मनात केला. आमचे पावणे, म्हणजे धाकटीचे यजमान, भाजीचा टेम्पो घेऊन रात्री दोन-अडीचला निघतात, चोर्ला घाटातून गोव्याला माल टाकून दुपारी परत येतात, आवाज मोठा, बोलणं तुटक, आणि मला ते आधीपासूनच जरा तापट वाटायचे. मी धाकटीला काही विचारलं नाही. आईला सांगितलं. आईनं मावशीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसलेल्या सगळ्या बायकांना माहीत झालं होतं. यात्रेला पावणे आले तर त्यांना कुणी नीट 'या, बसा' पण म्हटलं नाही, पंगतीत वाढताना त्यांच्या ताटापाशी हात आखडता, एरवी त्यांच्याशी तास-तास बोलणारा माझा भाऊसुद्धा मान वळवून गेला. त्यांनी गप्प जेवून घेतलं, स्वतःचं ताट स्वतः धुतलं आणि बाहेर टेम्पोत जाऊन झोपले.

त्याच रात्री मोरीत धाकटी दात घासत होती आणि फेस पूर्ण लाल. मी मोबाईलचा टॉर्च लावून तिला तोंड उघडायला सांगितलं. गालाच्या आतल्या बाजूला दोन काळे फोड, जांभळाची साल चिकटल्यासारखे, आणि जिभेच्या कडेला एक. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं की मारानं गालाच्या आत असं होत नाही. तिला खाली बसवून विचारलं तर एकेक बाहेर पडलं, यावेळी पाळी अकरा दिवस चालली, दर दीड-दोन तासांनी पॅड बदलावं लागलं, मध्ये नाकातून रक्त आलं होतं, पाय गळून जातात. आणि हो, ती दवाखान्यात गेली होती बरं का, त्यांच्या गावाजवळच एके ठिकाणी, तिथं 'वीकनेस आहे' म्हणून शक्तीच्या गोळ्या दिल्या, अंगदुखीची गोळी दिली आणि कमरेत एक सुई टोचली. ती सुई टोचलेली जागा मी बघितली. तळहात पसरून ठेवला तरी झाकला जाणार नाही एवढा काळानिळा चट्टा, मध्ये गाठ. साध्या सुईनं एवढं होतंय म्हटल्यावर तिथंच कुणीतरी थांबून विचार करायला हवा होता. एक साधी रक्ततपासणी लिहून दिली असती तर तीन आठवडे वाचले असते, याचा मला अजून राग आहे.

पालखी दारात यायच्या आधीच आम्ही तिला घेऊन बेळगावला गेलो. पावणेच टेम्पो चालवत होते, मी मधे बसले होते, वाटेत कुणीच बोललं नाही.

दवाखान्यात लेडी डॉक्टर होत्या, कन्नड बोलणाऱ्या, मराठी समजतं पण बोलताना अडखळत होत्या. त्यांनी आधी विचारलं, "पेट्टु बिद्दैतेनु?" म्हणजे कुठं मार लागला का. धाकटी नाही म्हणाली. मग त्यांनी मला आणि पावण्यांना बाहेर जायला सांगितलं, दार लावलं आणि तिला एकटीला विचारलं, "यारादरू होडदारेनु?" कुणी मारलंय का. हे मला धाकटीनं नंतर सांगितलं. मला रडू आलं ते ऐकून, कारण हाच प्रश्न मी बहीण असून तिला विचारला नव्हता, आणि ज्यांच्याशी बोलायचं नव्हतं त्या सगळ्यांशी त्यावर बोलले होते. डॉक्टर नंतर म्हणाल्या की निळे डाग घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला मी एकटीला विचारते, कारण खरंच मार खाणाऱ्या बायका नवऱ्यासमोर 'पडले' एवढंच सांगतात. नडगीवर, गुडघ्यावर डाग असले तर ते बहुधा काहीतरी आपटून झालेले असतात. पाठ, मान, कान, दंडाची आतली बाजू, बोटांचे ठसे दिसले तर त्या जास्त बारकाईनं बघतात. आणि जे बाळ अजून धरून धरूनसुद्धा चालत नाही त्याच्या अंगावर डाग असेल तर तो कधीच सोडून द्यायचा नाही, ते बाळ आपणहून कुठं आपटायला जाणार.

माझ्या रंगांच्या हिशोबाचं पण त्यांनी सांगितलं. कातडीखाली रक्त सांडलं की त्यातलं हिमोग्लोबिन शरीर हळूहळू मोडतं, म्हणून डाग आधी लालजांभळा, मग हिरवट, मग पिवळा होत जातो. पिवळा रंग यायला निदान अठरा तास तरी लागतात, पण त्यापुढं रंग बघून डाग नेमका किती दिवसांचा हे डॉक्टरसुद्धा खात्रीनं सांगू शकत नाहीत. आणि मी ओसरीवर बसून तारखा लावत होते.

तपासताना त्यांनी काय काय बघितलं ते सांगते. टेबलावरचा काचेचा ग्लास घेऊन तिच्या पायावरच्या ठिपक्यांवर दाबला आणि काचेतून बघितलं. साधं पुरळ असलं, घामोळं असलं, डास चावलेला असला तर दाबल्यावर लाली जाते, कारण ते रक्त शिरेतच असतं, बाजूला सरकतं. हे ठिपके तसेच्या तसे राहिले. म्हणजे रक्त शिरेच्या बाहेर येऊन कातडीत बसलंय. असे टाचणीच्या डोक्याएवढे न जाणारे ठिपके म्हणजे बऱ्याचदा प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या रक्तपट्टिका, कमी असल्याची खूण, आणि ते आधी पायावर, घोट्याच्या आसपास येतात, किंवा जिथं आवळलं जातं तिथं, परकराची नाडी, ब्लाऊजची बाही, काकणं. नर्सनं बीपीचा पट्टा आवळला होता त्या दंडाच्या खाली कोपरापाशी दहा मिनिटांत नवीन ठिपके उठलेले आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितले. कासारणीच्या हातानं झालं तेच इथं पट्ट्यानं झालं.

ठिपके न येता एकदम मोठे, खोल, गाठीसारखे डाग येत असतील, किंवा गुडघा-कोपर सुजून आत रक्त भरत असेल, तर प्लेटलेटपेक्षा रक्त गोठवणाऱ्या घटकांत, म्हणजे फॅक्टरमध्ये बिघाड असण्याची शक्यता जास्त. एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी डॉक्टरांशी बोलताना खूप उपयोग होतो. मग त्यांनी मान, काख, जांघेत गाठी चाचपल्या, पोटावर डाव्या बाजूला बरगडीखाली प्लीहा, आमची आजी जिला पाणथरी म्हणायची, ती वाढलीय का ते बघितलं, हाडं दाबून दुखतंय का विचारलं, ताप येतो का, वजन उतरलंय का, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का, दात काढल्यावर किंवा बाळंतपणात रक्त जास्त गेलं होतं का. आणि गोळ्या. गोळ्यांवर पाच-दहा मिनिटं गेली असतील. डोकं दुखतं म्हणून काय घेतेस, कंबर दुखते म्हणून काय, आयुर्वेदिक काय, गावातली पुडी काय. अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्यांनी प्लेटलेटचं काम मंदावतं, आणि ती आधीच कमी असलेल्या प्लेटलेटवर रोज एक गोळी घेत होती.

रक्त तपासायला दिलं. साधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, दोन-अडीचशे रुपयांची. दीड तासात फोन आला की लगेच या. प्लेटलेट ११,०००. नॉर्मल असतात दीड लाख ते साडेचार लाख.

आमच्याकडं 'पेशी कमी झाल्या' म्हणतात आणि बरेचजण त्याला पांढऱ्या पेशीच समजतात. मी पण तेच समजत होते. पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्या रोगाशी लढतात. प्लेटलेट म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या रक्तपट्टिका, रक्तातले अगदी बारीक तुकडे, शिरेला बारीकसं भोक पडलं की तिथं जाऊन पहिली थापी बसवणारे. रोजच्या उठण्या-बसण्यात आपल्या बारीक शिरा कुठं ना कुठं फुटतच असतात, आपल्याला कळत नाही कारण प्लेटलेट लगेच बुजवतात. त्या कमी पडल्या की ठिपके दिसायला लागतात. त्यांचं आयुष्यच मुळी आठ-दहा दिवसांचं.

नातेवाईकांपैकी एकानं फोनवर सांगितलं, मशीनची चूक असेल, दुसऱ्या लॅबमध्ये करा, नाहीतर सरळ मिरजेला न्या. मिरज आमच्याकडं प्रत्येक आजाराला शेवटचं उत्तर असतं. पण मशीनच्या चुकीचं खरंच असतं, हे मला तेव्हा कळलं. सीबीसीचं रक्त जांभळ्या टोपणाच्या बाटलीत घेतात, त्यातल्या औषधानं काही लोकांच्या प्लेटलेट एकमेकीला चिकटून गठ्ठे होतात, मशीन त्या मोजत नाही आणि रिपोर्टमध्ये प्लेटलेट खोट्याच कमी येतात. माणूस ठणठणीत असतो आणि घरचे घाबरून अर्धे होतात. म्हणून आकडा कमी आला की काचेवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, पॅथॉलॉजिस्टनं मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी बघायचं असतं, त्याला स्मिअर म्हणतात, आणि गठ्ठे दिसले तर निळ्या टोपणाच्या बाटलीत परत रक्त घेतात. स्मिअरचं महत्त्व तेवढ्यापुरतंच नाही. ब्लड कॅन्सरच्या कच्च्या पेशी दिसतात का, तांबड्या पेशी फुटलेल्या आहेत का, हे पण त्यातच कळतं. तुमच्याकडं कुणाच्या प्लेटलेट कमी आल्या तर 'स्मिअर बघितलंय का' हा प्रश्न विचारायला अजिबात लाजू नका.

धाकटीच्या स्मिअरमध्ये गठ्ठे नव्हते, प्लेटलेट खरोखरच कमी होत्या, ज्या होत्या त्या आकारानं मोठ्या, बाकी पेशी ठीक. हिमोग्लोबिन ९ च्या आसपास, ते पाळीतून रक्त गेल्यामुळं. पीटी आणि एपीटीटी म्हणून दोन तपासण्या असतात, रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते बघतात, त्या दोन्ही नॉर्मल. लिव्हर, किडनी नॉर्मल. एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी ची तपासणी केली, त्या नावांनी आई हादरली, पण या दोन्हींमध्ये प्लेटलेट कमी होऊ शकतात म्हणून ती करतातच, त्यात कुणाच्या चारित्र्याचा काही संबंध नाही. दोन्ही निगेटिव्ह. सोनोग्राफीत प्लीहा वाढलेली नाही. हाडातला मगज काढून तपासायचा का असं मी विचारलं, तर म्हणाल्या आत्ता गरज नाही, बाकी सगळं चित्र स्पष्ट आहे, औषधाला दाद मिळाली नाही किंवा दुसऱ्या पेशींतही बिघाड दिसला तर करू.

आजाराचं नाव निघालं आयटीपी, म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया. शरीर स्वतःच्याच प्लेटलेटना परक्या समजून त्यांच्यावर खुणा लावतं, आणि खूण लागलेल्या प्लेटलेट मुख्यतः प्लीहेत गेल्या की गिळल्या जातात. हा संसर्ग नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि हा कॅन्सरही नाही. लहान मुलांना व्हायरल तापानंतर होतो आणि बहुतेक मुलं सहा महिन्यांत आपोआप बरी होतात, मोठ्यांमध्ये जास्त काळ रेंगाळतो. त्यासाठी असा एकच कुठला रिपोर्ट नसतो की ज्यावर 'आयटीपी' छापून येईल. बाकीची कारणं एकेक करून बाजूला काढल्यावर जे उरतं ते हे. म्हणूनच इतके प्रश्न, इतकं चाचपणं.

तोंडात रक्ताचे फोड होते म्हणून ॲडमिट केलं. नुसते कातडीवर ठिपके असणं वेगळं आणि तोंडात, नाकात, लघवीत, संडासात रक्त येणं वेगळं, दुसऱ्यात धोका जास्त. जोरात डोकेदुखी, उलटी, गुंगी आली तर एक मिनिट थांबायचं नाही, कारण मेंदूत रक्तस्राव होणं हीच यातली सगळ्यात मोठी भीती. तो क्वचित होतो, पण होतो. तिला डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड ४० मिलीग्रॅम रोज, चार दिवस दिलं. चार मिलीग्रॅमच्या दहा गोळ्या एकदम, सकाळी खाऊन झाल्यावर. त्या गोळ्यांनी तिला रात्री झोप येईना, सारखी भूक, शुगर वाढली का ते रोज बघायचे. चौथ्या दिवशी ३८,०००. आठव्या दिवशी ९६,०००. नंतर पुन्हा खाली आल्या, पुन्हा कोर्स. पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट, जो येईल तो सांगत होता, काहीजण पिशव्या भरून घेऊन आले. प्रेमापोटीच आणत होते सगळे. पण इथं प्लेटलेट तयार होत नाहीत असं नाही, तयार झालेल्या मारल्या जातायत, त्याला फळानं काय होणार.

या सगळ्यात बाबांचं एक कळलं. बाबा बहात्तर वर्षांचे, त्यांच्या हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, वर्षभर काळेजांभळे डाग येत होते, आम्ही 'वय झालं' म्हणून सोडून दिलेलं. त्यात तथ्य आहे, वयामुळं कातडी कागदासारखी पातळ होते, शिरांना आधार राहत नाही, नुसतं दाराला हात घासला तरी डाग उमटतो. पण मी आता शहाणी झाले होते, त्यांच्या गोळ्यांचा डबा उघडला. हार्टला स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, त्या असायलाच हव्या. आणि डब्याच्या तळाशी कागदात बांधलेल्या पांढऱ्या पुड्या, गुडघ्यासाठी, कुणाकडून तरी दर आठवड्याला आणायचे, 'लगेच गुण येतो' म्हणून. डॉक्टरांना दाखवल्या तर त्या म्हणाल्या, एवढा लगेच गुण देणाऱ्या बिननावाच्या पुडीत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, त्यानं कातडी आणखी पातळ होते. आणि वर्षभर घेतलेली पुडी एकदम बंद करू नका, शरीराला सवय झालेली असते, हळूहळू उतरवावी लागेल. स्टेंटच्या गोळ्यांबद्दल तर त्यांनी बोट वर करून सांगितलं, डाग दिसले म्हणून आपल्या मनानं एक दिवस पण बंद करायच्या नाहीत, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर माणूस जाईल. डाग परवडला.

आमच्या भागापुरतं अजून थोडं लिहिते, कारण नेटवर वाचलं की सगळं बाहेरच्या देशांतलं असतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला शेतात-रानात काम करणाऱ्यांना घोणस, फुरसं चावतं, कधी कधी अंधारात काय चावलं तेच कळत नाही, काटा लागला म्हणून घरी येतात, आणि मग हिरड्यांतून रक्त, चावल्या जागी सूज, अंगावर निळे डाग. या सापांचं विष रक्त गोठणंच बंद पाडतं. त्यासाठीची तपासणी अगदी साधी आहे, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकं करून बघायचं, रक्त पातळच राहिलं असेल तर विष भिनलंय, लस लागणार. लहान दवाखान्यातही हे करता येतं. मांत्रिकाकडं जो वेळ जातो तो सगळा वाया. उंदीर मारायच्या औषधानंही असंच होतं, आणि ते पोटात गेल्यावर लगेच काही दिसत नाही, दोन-तीन दिवसांनी रक्त यायला लागतं, त्यामुळं घरात कुणी रागाच्या भरात काही घेतलंय का हे हळुवारपणे विचारावं लागतं.

पावसाळ्यात ताप आणि ठिपके म्हणजे आधी डेंगी धरून चालायचं, आणि तापाला पॅरासिटामॉल सोडून दुसरी कुठली अंगदुखीची गोळी घ्यायची नाही, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन बिलकुल नाही. रानात जाणाऱ्यांना माकडताप ठाऊक असावा. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला, गोचिडीमार्फत माणसाला होतो, आणि पलीकडं सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात पण २०१६ ला त्याचे रुग्ण निघाले. रानात माकडं मेलेली दिसली आणि आठवड्याभरात घरात कुणाला कडकडून ताप आला तर डॉक्टरांना माकडांचं आवर्जून सांगा. आणि ताप, मान आखडलेली, ग्लासनं दाबून न जाणारे जांभळे डाग झपाट्यानं पसरतायत, असं असेल तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता निघायचं.

माझ्या वर्गातला एक मुलगा गेल्या वर्षी नडग्यांवर, मांड्यांवर हाताला लागतील असे उंचवट्याचे जांभळे ठिपके घेऊन आला होता, पोटात कळा आणि घोटे सुजलेले. त्याच्या प्लेटलेट नॉर्मल निघाल्या. त्याच्या बारीक शिरांनाच सूज आली होती, अशा मुलांची लघवी बरेच महिने तपासत राहतात, किडनीला काही होत नाही ना म्हणून. बरा आहे तो आता. आणि ज्या मुलींची पाळी पहिल्यापासूनच भरमसाट जाते, दात काढला की दोन-दोन दिवस रक्त थांबत नाही, आई-मावशीचं पण तसंच, त्यांनी 'आमच्या घराण्यातच आहे' म्हणून गप्प बसू नये. व्हॉन विलब्रँड नावाचा एक आजार आहे, जन्मापासूनचा, त्यात सीबीसी, पीटी, एपीटीटी तिन्ही नॉर्मल येऊ शकतात, वेगळी तपासणी मागावी लागते. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे बाई नॉर्मल असं नसतं, तिची हकीकत पण ऐकायला लागते.

पावण्यांचं राहिलं. ॲडमिट असताना तिसऱ्या रात्री ते बाहेर बाकावर बसले होते, गोव्याची खेप सोडून, हातात तिचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेली प्लास्टिकची पिशवी. मी शेजारी बसले आणि सांगितलं की मी काय समजले होते आणि कुणाकुणाला बोलले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला कळलं होतं अक्का पंगतीतच. मी म्हटलं आधी हिला बरं वाटूदे, मग बघू." दुसऱ्या दिवशी मी आईला, मावशीला, भावाला, चुलीपाशी असलेल्या एकेकीला फोन करून खरं काय ते सांगितलं. काहींना पटलं. एकजण म्हणाली, "असेल बाई, पण थोडं तरी असेलच." हे असं राहतं. मी बोललेले शब्द मी सगळ्यांच्या कानांतून परत काढू शकत नाही.

आता ती पंधरा दिवसांनी रक्त देते आणि व्हॉट्सॲपवर मला आणि पावण्यांना नुसता आकडा पाठवते. ६२. ७४. ५१. ८८. हजार लिहायची गरज नाही, आम्हाला कळतं. दात घासायला मऊ ब्रश, कमरेत सुई नाही, कुठल्याही दवाखान्यात गेली की आधी आयटीपीचं सांगते. पर्समध्ये एका कागदावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही भाषांत आजाराचं नाव आणि 'स्नायूत इंजेक्शन देऊ नये' असं मी लिहून दिलंय.

श्रावणात ती माझ्याकडं आली होती, आदल्या दिवशीचा आकडा १ लाख ४ हजार होता. गल्लीत कासारीण आली तर म्हणाली, भरू का ग? मी नको म्हणणार होते पण तिचं तोंड बघून गप्प बसले. कासारणीला सांगितलं दोन नंबर मोठी घे आणि साबण लाव. संध्याकाळी दिवे लागल्यावर आम्ही दोघी खिडकीपाशी टॉर्च घेऊन बसलो. मनगटाला काही नव्हतं. कोपराखाली एक लाल ठिपका दिसला आणि दोघींचाही श्वास अडकला. मी स्वयंपाकघरातून काचेचा ग्लास आणून त्यावर दाबला, लाली गेली. डास चावला होता.